पहिल्या फेरीचा भिकाजी

भिकाजी राऊळ आमच्या खोलीत आला तो १९७७ च्या फेब्रुवारीत. खोलीत आम्ही पाच जण, सगळे घाटावरचे, माण-खटावकडचे. हा एकटा वेंगुर्ल्याच्या बाजूचा. पहिल्या रात्री जेवताना त्याने आमची आमटी तोंडाला लावली आणि विचारलं, "ह्याच्यात नारळ खंय?"

मी म्हणालो, "नारळ देवापुढं फोडतात, बाबा. आमटीत शेंगदाण्याचं कूट."

त्यावर गडी आठ दिवस आमच्याशी जेवताना बोलला नाही. नवव्या दिवशी दोह्याच्या बाजारातून स्वतः नारळ घेऊन आला, दाराच्या कडीवर फोडला आणि आमटीत खवून घातला. आम्ही नाकं मुरडत खाल्ली आणि भात कमी पडला. तेव्हापासून स्वयंपाक त्याच्याकडे.

दोह्यापासून तासाभरावर उम्म सईदला तेव्हा जिकडे बघावं तिकडे बांधकाम. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, मध्ये आमचा कॅम्प. कंपनी अमेरिकन, नाव कशाला घ्या. मी सातवी पास, पण इंग्रजी कानावर पडून पडून आलेलं, म्हणून मला मोठ्या साहेबाच्या गाडीवर घेतलं होतं. साहेबाचं नाव टॉलिव्हर. उंच, तांबडा, सदा हसरा. मच्छिंद्र हे नाव त्याच्या जिभेवर बसेना म्हणून त्याने मला 'मॅक' करून टाकलं. तो दोह्यात राहायचा. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास आम्ही दोघंच गाडीत, आणि साहेबाला गप्प बसवायचं नाही. मलाही नाही. त्यामुळे जोडी जमली.

भिकाजी रिगर होता. म्हणजे काय ते सांगतो. क्रेनवाला वर आपल्या डब्यात बसतो. हुकाला लटकलेलं दहा टनांचं धूड कुठल्या भिंतीमागं उतरतंय ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त खाली उभ्या असलेल्या रिगरचा हात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, तळवा खाली केला की सोड, मूठ आवळली की थांब. त्या हाताने चूक केली की खालच्या माणसांचा चेंदामेंदा. आमच्या मोठ्या क्रेनवर बशीर होता, पेशावरकडचा. तो दुसऱ्या कुणाच्या हातावर हुक हलवायला तयार नसायचा. "भिकाजी छुट्टी पे, तो क्रेन भी छुट्टी पे," असं म्हणून खुशाल चहा पीत बसायचा. फोरमन शिव्या द्यायचा, पण करतो काय.

सगळ्यांच्या डोक्याला एकच घोर होता. ऐंशीच्या मार्चमध्ये काम संपणार होतं. नऊशे माणसांतली फार तर दोनशे पुढच्या देखभालीच्या कामावर ठेवणार, बाकीच्यांचं खलास. यादी टॉलिव्हर साहेब करणार. भिकाजीला आणखी दोन वर्षं हवी होती. मग कायमचा घरी, पारूकडे आणि दोन मुलींकडे, असं त्याचं ठरलेलं. आणि त्याचं नाव यादीत असणार यात कुणाला शंका नव्हती. त्या हातावर अख्खा कॅम्प विश्वास ठेवून होता.

आता फुटबॉलचं सांगतो. आपला नव्हे, त्यांचा. हिवाळ्यात शुक्रवारी हे अमेरिकन लोक सपाट केलेल्या वाळूत तो खेळ खेळायचे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता. खरा खेळ अंगावर पडून पाडापाडीचा असतो. इथे कंबरेला फडकी बांधायची आणि ती ओढायची, असा नियम होता. पण नियम कागदावर. वाळूत सगळे एकमेकांना खरोखरच आडवे करायचे.

एका शुक्रवारी आम्ही कडेला कपडे धूत होतो. चेंडू घरंगळत आला. भिकाजीने उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "अरे, ह्यो तर असोलो नारळ." असोलो म्हणजे सालासकटचा. मग साबणाचे हात लुंगीला पुसून त्याने तो परत फेकला. साठ पावलांवर टॉलिव्हर साहेब उभा होता. चेंडू गरगर फिरत, टोक पुढे ठेवून, थेट त्याच्या छातीवर.

भिकाजीला त्यात विशेष काही वाटलं नाही. त्याचं तरुणपण खाडीवर गेलं होतं, किनाऱ्यावरून मचव्यात नारळ फेकण्यात. मचवा डोलतोय, वर झेलणारा उभा. नारळ कोलांट्या घेत गेला तर झेलणाऱ्याची बोटं मोडतात. म्हणून मनगटाला पीळ द्यायचा आणि टोकाच्या बाजूने सोडायचा. दिवसाला दोन-दोन हजार नारळ. साहेबाने त्या दिवशी त्याच्याकडून वीस वेळा चेंडू फेकून घेतला. कपडे मला धुवावे लागले.

त्याच सुमाराची एक गोष्ट, जी तेव्हा मी गाडीत साहेबाकडून नुसती करमणूक म्हणून ऐकली. साहेबाच्या गावाची टीम होती तिकडे, पगारी खेळाडूंची. दरवर्षी हरायची. तिकडे कॉलेजातून नवीन पोरं निघतात, त्यांना सगळ्या टीमा एकेक करून निवडतात. साहेबाच्या टीमने म्हणे दहा वर्षांत तीन वेळा पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक निवडला. क्वार्टरबॅक म्हणजे मागे उभा राहून चेंडू फेकणारा. सगळा खेळ त्याच्या हातात. त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. समोरचे ती भिंत फोडून त्याच्यावर येतात. आणि त्याने येणाऱ्याकडे बघायचं नाही, लांब कोण मोकळा आहे तिकडे बघायचं.

"त्या तीन पोरांचं काय झालं, सर?" मी विचारलं.

"एकाचा गुडघा गेला. दुसरा इतका मार खाऊन बसला की पुढे मोकळा माणूस दिसायच्या आधीच घाबरून चेंडू फेकायचा. तिसरा आता विमा विकतो." साहेब खिडकीतून वाळूकडे बघत हसला. "भिंत नाही आणि तुम्ही फेकणारा विकत घेता, मॅक. मूर्खपणा आहे. आधी पाच मोठे गडी घ्या. फेकणारा मग कधीही मिळतो. मी असतो तर असंच केलं असतं."

मला ते पटलं. कबड्डीत आम्हीही आधी पकडणारे बघायचो.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात बरेच अमेरिकन घरी परतले होते. चार टीमा पुऱ्या होईनात. म्हणून ठरलं की लेबर कॅम्पातली माणसं घ्यायची, तीही रीतसर निवडून. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी त्यांच्या मेसमध्ये भिंतीवर मोठा कागद लावला. चार कॅप्टन समोर बसले, आम्ही पाठीमागे उभे. पहिलं नाव टॉलिव्हर साहेबाने घेतलं. भिकाजी.

आता आमच्याकडची रीत बघा. गावात कबड्डीला दोन गट पाडताना जो पहिला ओढला जातो तो गावात सगळ्यांत भारी. लहानपणी मी कायम शेवटून दुसरा, म्हणून मला त्या मानाची किंमत पुरती माहीत. तो मान भिकाजीला मिळाला, तोही गोऱ्या साहेबाकडून, चाळीस माणसांसमोर. कागदावर त्याचं नाव सगळ्यांत वर. आम्ही त्याला खांद्यावर घेऊन खोलीवर आणला. शिरा झाला. बशीर डब्बाभर खजूर घेऊन आला. भिकाजीने तिथेच बसून घरी पत्र लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "साहेबान माका सगळ्यांत पयलो निवडल्यान. आता यादीची काळजी नको."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी साहेबाला म्हणालो, "सर, आमचा माणूस पहिला नंबर."

तो खळखळून हसला. "पहिला, कारण आम्ही शेवटचे. मागच्या वर्षी जी टीम तळाला गेली तिला पहिली निवड मिळते, मॅक. तिकडेही तसंच असतं."

माझ्या डोक्यात ते शिरायला दोन मैल लागले. मग मी विचारलं, "आणि ते पाच मोठे गडी, सर?"

"ते बाकीच्यांनी उचलले." खरंच उचलले होते. कॅम्पातला फजल आणि त्याचे पठाण, एकेक कपाटाएवढा, दुसऱ्या टीमने घेतले. आमच्या साहेबाच्या वाट्याला मेसचा जाड आचारी, दोन क्लार्क आणि असेच. साहेब म्हणाला, "मी काय बोललो होतो ते मला आठवतंय. पण असा हात दिसला की माणूस विसरतो."

त्या संध्याकाळी मी ठरवून खोलीवर गेलो की भिकाजीला हे सांगायचं. त्याला म्हणायचं, बाबा, हा मान नव्हे; सगळ्यांत पडक्या भिंतीमागं तुला उभं करतायत. खोलीत शेजारच्या बराकीतली माणसं जमलेली. भिकाजी चेंडू धरायचा कसा ते त्यांना दाखवत होता. त्याने मला बघून जागा केली. "बस, मच्छिंदर. शिरो ठेवलंय तुका."

मी बसलो. शिरा खाल्ला. उद्या सांगू म्हटलं.

पहिला सामना साहेबाची टीम जिंकली. भिकाजीने लांबून तीन चेंडू असे दिले की समोरच्या टीमचेही लोक टाळ्या वाजवत होते. साहेब तर उड्या मारत होता. मग मी काय म्हणून तोंड उघडणार होतो? दुसऱ्या सामन्यापर्यंत बाकीच्यांना कळलं होतं की याला फेकायला वेळच द्यायचा नाही. आचारी एका धक्क्यात बाजूला. क्लार्क स्वतःहून बाजूला. भिकाजी त्या दुपारी अकरा वेळा वाळूत गेला, मी मोजले. उठला की दर वेळी खांदा चाचपायचा.

संध्याकाळी तो श्याम केतकरांना घेऊन साहेबाकडे गेला. केतकर पुण्याचे, ऑफिसात इंजिनिअर, आमचं आणि साहेबाचं बोलणं इकडून तिकडे करायचे. मी गाडीपाशी उभा होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"खांदो दुखता. एक शुक्रवार बसतंय म्हणान सांगा त्यांका," भिकाजी म्हणाला.

केतकरांनी सांगितलं. साहेब म्हणाला, "त्याला सांगा, मी त्याला पहिला घेतलाय. पहिला घेतलेला माणूस मी बाकावर बसवला तर तीन टीमा मला हसतील. एकच सामना राहिलाय."

"आणि त्याला काही झालं तर, सर?" हे केतकरांनी स्वतःहून विचारलं, तेवढं त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"कंपनी बघेल. मी बघेन." साहेबाने भिकाजीच्या दुखऱ्या खांद्यावरच हात ठेवला. केतकरांनी ते मराठीत सांगितलं, त्यातलं 'बघेन' तेवढं भिकाजीने धरलं. तो मान हलवून निघून आला.

तिसऱ्या सामन्यात हात मागे ताणलेला, नजर लांब, आणि डावीकडून फजल आला. फजलचा दोष नाही. त्याला तेच काम दिलं होतं. भिकाजीचा हात पाठीकडे वळला तो वळलाच. आवाज मी कडेला उभा होतो तिथपर्यंत आला. फजल स्वतःच कान धरून त्याच्याजवळ वाळूत बसला आणि "माफ कर दे भाई" म्हणत राहिला. मी गाडी आणली, फजलने भिकाजीला उचलून मागे ठेवलं आणि आम्ही दोह्याचा दवाखाना गाठला. साहेब आला नाही. सामना अर्धा राहिला होता.

डॉक्टरांनी खांदा बसवला, पण आतली कसली शीर का पट्टा तुटला होता. दोन महिन्यांनी पट्टी निघाली तेव्हा हात छातीच्या वर जाईना.

पट्टी असतानाच केतकर एक कागद घेऊन खोलीवर आले होते. इंग्रजीत टाइप केलेला. "दवाखान्याचं आहे, इथे सही कर," म्हणाले. भिकाजीने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि वर त्यांना चहा पाजला. मी तेव्हा ड्युटीवर होतो, पण त्याचा मला आडोसा घेता येत नाही. असतो तरी मी काही वाचून बघितलं असतं असं नाही.

मार्चमध्ये यादी लागली. नाव नाही. बशीर क्रेन मध्येच बंद करून खाली उतरला, भिकाजीला धरून ऑफिसात घेऊन गेला, आणि मागोमाग मी.

बशीर साहेबाला म्हणाला, "साब, इसका बायाँ हाथ भी मैं पढ़ लेता हूँ. आधा घंटा देखो. एक भी गलती हुई तो हम दोनों को भेज दो."

केतकर तिथेच होते, त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाला, रिगरचे दोन्ही हात डोक्याच्या वर जायला हवेत, डॉक्टरचं कार्ड तसं सांगतं, त्यापुढे माझं काही चालत नाही.

"तर मग दुसरं काहीही काम द्या," मी म्हणालो. "खेळताना कंपनीच्या मैदानावर मोडलाय तो. तुम्ही म्हणाला होता, कंपनी बघेल."

साहेबाने केतकरांकडे बघितलं. केतकरांनी तो कागद काढला आणि खालमानेनं वाचला. कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या मर्जीने, कंपनीची परवानगी न घेता खेळत असताना इजा झाली, जबाबदारी माझी. खाली भिकाजीची डावी सही. साक्षीदार म्हणून टॉलिव्हर.

परवानगी न घेता. ज्याने भर मेसमध्ये त्याचं नाव पुकारलं, ज्याने खेळायला त्याला कंपनीचं नाव छापलेला सदरा घातला, त्याच माणसाने त्याखाली सही केलेली.

भिकाजीने केतकरांना विचारलं, "तुमी दवाखान्याचो म्हणालात ना?"

केतकर म्हणाले, "माझंही नाव यादीत यायचं होतं रे." आलं होतंच ते. तिसऱ्या क्रमांकावर.

संध्याकाळी गाडीत मी पहिल्यांदाच आपणहून साहेबाला अडवलं. म्हणालो, "तुम्ही सही का केली, सर?"

तो म्हणाला, "परवानगी मी दिली असं लिहिलं असतं तर मी घरी गेलो असतो, मॅक. त्याचं विमान थांबलं नसतंच." मग म्हणाला, "चांगला माणूस होता. मी त्याला चुकीच्या जागी घेतला." जणू चूक फक्त फेरीची होती. त्याची टीम तळालाच गेली होती, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात पहिली निवड परत त्यालाच मिळाली, आणि त्याने मेसमध्ये उभं राहून एका केरळी फिटरचं नाव घेतलं, ज्याचा हात म्हणे अफलातून होता. मी त्या वेळी बाहेर गाडी पुसत होतो, आत गेलो नाही.

भिकाजीला विमानतळावर मीच सोडलं. वाटेत तो बोलत होता, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्तच. साहेबाला शिव्या नाहीत, केतकरांना नाहीत. एकच गोष्ट त्याला उलगडत नव्हती. "माका पयलो कित्याक घेतल्यान, मच्छिंदर? घेवचो नव्हतो तर घेवचो नाय. पयलो घेवन मगे असा करतत?"

मी तेव्हा सांगितलं. गाडी लावून, इंजिन बंद करून. शेवटच्या टीमला पहिली निवड मिळते. भिंत दुसऱ्यांनी आधीच नेली होती. फेकणारा आधी घेणं हा मूर्खपणा, हे साहेबच आदल्या हिवाळ्यात मला सांगत होता.

"तुका म्हायत होतां?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

माझ्याकडे उत्तर होतं. तू इतका खुशीत होतास, भरल्या खोलीत तुझा पाणउतारा कसा करायचा, असं काहीतरी. ते खरंही होतं. पण तोंडातून निघेना, कारण बोलायला मला तीन महिने होते, आणि गप्पा मारण्यात मी कधी कुणाला हार गेलेलो नाही. फक्त हीच गोष्ट तेवढी मी सांगितली नव्हती.

मी त्याची बॅग उतरवून घेऊन चाललो होतो. त्याने ती माझ्या हातून डाव्या हाताने घेतली. "मी घेतंय," म्हणाला, आणि आत गेला.

मी पत्रं टाकली, सात की आठ. चौऱ्याऐंशीला सुट्टीवर आलो तेव्हा सरळ वेंगुर्ला गाठलं. पत्ता शोधत गेलो. पारूने ओळखलं, पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, ते बागेत गेलेत. मी मुलींना कॅम्पातल्या गमती सांगितल्या, आमटीची गोष्ट सांगितली, त्या हसल्या. बाग घरामागेच होती, हाकेच्या अंतरावर. दोन तास झाले. पारू मधूनमधून आत जायची, मागच्या दाराने बाहेर जायची, परत यायची.

शेवटी ती उंबऱ्यात उभी राहिली. "ते येवचे नाय," म्हणाली. "तुमची एसटी पाचची. तुमी जावा."